पहिले पंचवीस प्लॉट

"मॅडम, टोळी नदीकडं निघालीय. नदीकडं कशाला पाठवली?"

सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी नुकतीच दौंडहून कारखान्याच्या बसने उतरून खुर्चीत बसले होते. फोनवर शिंदे मामा होते. मामा आमच्या साखर कारखान्याचे स्लिप बॉय. बॉय हे नुसतं पदाचं नाव, मामांच्या रिटायरमेंटला काही महिने उरले होते. शेतकऱ्याच्या उसाची नोंद घ्यायची, तोडणीची चिठ्ठी पोचवायची आणि ऊसतोड कामगारांची टोळी बरोबर फडात नेऊन उभी करायची, ही त्यांची कामं. मांडवगण फराटा गट त्यांच्याकडे होता.

"चिठ्ठीवर जे नाव आहे तिकडेच निघाली असेल ना मामा?" मी म्हणाले.

"त्येच तर म्हंतोय. चिठ्ठीवर नाव नदीकाठच्या माणसाचं हाय. वस्तीवरची माणसं दारात वाट बघत्यात. त्यातलं दगडू आप्पा तर तुमच्याकडंच निघाल्यात एसटीनं."

मी कॉम्प्युटरची स्क्रीन चालू केली. आदल्या दिवशीचं काम स्क्रीनवर तसंच होतं आणि खाली संदेश होता: पंचवीस रो अफेक्टेड. मला सांगितले होते पंचवीस, बदलले होते पंचवीस. चूक कुठे आहे ते मला खरंच दिसेना.

आता थोडं मागे जाते. आमच्या शिरूर-दौंडकडे भीमेच्या दोन्ही अंगांना ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. बाहेरच्यांना ती बातमी वाटते. आमच्याकडे तो दिवसाच्या वेळापत्रकाचा भाग झाला आहे. पोरं शाळेत घोळक्याने जातात आणि दिवस मावळला की वस्त्यांची दारं बंद होतात. त्या वर्षी मांडवगणच्या बाजूला एका वस्तीजवळ बिबट्याची मादी आठवड्यात तीनदा दिसली होती. वनखात्याच्या माणसांचं म्हणणं पडलं की घरांना लागून असलेला ऊस आधी तोडा. आडोसा गेला की जनावर आपोआप सरकतं.

आमचे शेतकी अधिकारी देशमुख साहेब आदल्या दिवशी दुपारी माझ्या टेबलाशी आले.

"गायकवाड मॅडम, घरांना लागून असलेले प्लॉट शिंदेंनी लिहून आणलेत. एकशेबारा आहेत. तुमच्या ऑपरेटरने त्यांच्यावर खूण पण टाकली आहे. त्यातले पहिले पंचवीस उद्यापासून तोडणीला काढा. माझ्याकडे मोकळ्या टोळ्या सहाच आहेत. पंचवीसच्या वर एकही नको."

"एकही जाणार नाही साहेब," मी म्हणाले.

हे मी जरा ऐटीतच म्हणाले, आणि त्याला कारण होतं. डेटाबेसमध्ये माहिती तक्त्यासारखी असते. एक प्लॉट म्हणजे एक आडवी ओळ, तिला रो म्हणतात. अपडेट ही कमांड त्या ओळींमधली माहिती बदलते. एका फटक्यात एक ओळ बदलते, नाहीतर लाखभर. कुठल्या ओळी बदलायच्या याची अट लिहायला विसरलात तर ती सगळ्याच बदलते आणि पुन्हा विचारतही नाही. माझ्या आधीच्या प्रोग्रॅमरकडून एकदा तसं झालं होतं. आमच्याकडे प्लॉट तोडणीला निघाला की शेतकऱ्याच्या मोबाईलवर आपोआप मेसेज जातो. त्या दिवशी अख्ख्या कार्यक्षेत्राला एकदम मेसेज गेला की तुमचा ऊस उद्या तुटणार. सकाळी गेटवर जत्रा भरली. त्या गृहस्थांनी नंतर नोकरी बदलली.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. इथे तोंड दुसऱ्याचं पोळलं होतं, पण फुंकून मी पीत होते. अपडेट लिहिताना मी टॉप वापरायचे. टॉप पंचवीस लिहिलं की कमांड पंचविसाव्या ओळीला थांबते. काही झालं तरी सव्विसावी बदलत नाही. त्या दुपारी मी ते आधी टेस्टवर, म्हणजे डेटाच्या जुन्या कॉपीवर चालवलं. तिथे ओळी नोंद नंबरने नीट एकाखाली एक आल्या. मग लाइव्हवर, म्हणजे रोजच्या खऱ्या डेटावर चालवलं. पंचवीस बदलल्या, पंचवीस मेसेज गेले. मी डबा पिशवीत टाकला आणि बसला गेले. रात्री झोपही छान लागली.

मामांच्या फोननंतर मी मेसेज गेलेल्यांच्या यादीवरून ते पंचवीस प्लॉट उघडून त्यांची नावं पहिल्यांदा वाचली. हे मी आदल्या दिवशी केलं नव्हतं.

नदीकाठचे बरेच होते, वस्तीपासून लांबचे, खबरदारी म्हणून यादीत खाली घातलेले. एक प्लॉट एका गोठ्याला लागून होता, म्हणून मामांनी तो यादीत शेवटी शेवटी घातला होता. एका प्लॉटला लागून जुनं पंपहाऊस होतं, तिथे कोणी राहत नव्हतं. मामांना फोन करून मी एकेक नाव वाचलं. त्यांच्या पहिल्या पंचवीसपैकी माझ्या पंचवीसमध्ये सहा निघाले. एकोणीस भलतेच.

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टॉप पंचवीस म्हणजे वरचे पंचवीस नव्हेत. अपडेटमध्ये त्याचा अर्थ एवढाच, की कोणतेही पंचवीस, जे आधी हाताला लागतील ते. कणगीत हात घालून पंचवीस शेंगा काढाव्यात तसं. टेस्टवर त्या क्रमाने आल्या हा योगायोग होता आणि मी त्याला नियम समजले होते. मामांनी यादी क्रमाने लिहिली होती, पण ऑपरेटरने त्यातून फक्त खुणा घेतल्या, क्रम कागदावरच राहिला. साहेब ‘पहिले पंचवीस’ म्हणाले, तर पहिले म्हणजे कशाने पहिले हे मी विचारलं नाही. त्यातला आकडा तेवढा मी धरून ठेवला.

एवढ्यात दगडू आप्पा आले. पांढरं धोतर, डोक्याला लाल फेटा, हातात काठी. सत्तरीचे असतील. त्यांचं घराणं पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचं, आता तीन पिढ्या मांडवगणला शेती करतं. त्यांची वस्ती म्हणजे दोन खोल्या आणि पडवी, आणि दोन बाजूंनी त्यांचाच दीड एकर ऊस. मादी तीनदा दिसली त्यातली दोनदा तिथेच.

मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"ताई, माझ्या घरात दोन नातवंडं हायेत. आठ दिस झालं शाळंत न्हाईत. पोरगा फॅक्टरीत, शिफ्टला जातो. सून एकलीच. पाण्याला बाहीर पडायचं तर म्या पुढं ताट वाजवत चालतो. मामा म्हणला, तुमचा नंबर पहिल्यात हाय. मग टोळी गेली कुठं?"

"आप्पा, चूक माझ्याकडून झालीय," मी म्हणाले.

"मशीनची का तुमची?"

"माझी."

आप्पा मग खुर्चीत बसले. म्हणाले, "मेंढरामागं हिंडायचो तवा लांडगं लई बघितलं. लांडगं हाकललं की जातंय. ही बया घरातल्यावाणी ऱ्हाती. काल पडवीच्या कडंला पावलं व्हती."

इतकी वर्षं मी या तक्त्यावर काम करत होते आणि प्रत्येक ओळीच्या मागे एक दार असतं, हे मला त्या दिवशी कळलं. लाज वाटली. ती बाजूला ठेवून साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

देशमुख साहेब ओरडत नाहीत. ते चष्मा काढतात, ते जास्त वाईट.

"किती वेळात निस्तरेल?" त्यांनी विचारलं.

"चुकीच्या चिठ्ठ्या रद्द करायला पाच मिनिटं. पण टोळ्या फडावर पोचल्यात साहेब. त्यांनी कोयता घातला असेल तर?"

"कोयता नाही, नारळ विचारा."

लांबून येणाऱ्या टोळ्यांची एक रीत असते. नव्या फडात शिरताना बांधावर नारळ फोडायचा, बाईमाणसाने हळदकुंकू वाहायचं, मग पहिला घाव. एकदा नारळ फुटला की तो फड अर्धा सोडून टोळी जात नाही. साहेबाचं ऐकत नाही आणि चेअरमनचंही. अर्धा फड सोडला की हंगामात कुणाचा तरी हात कापला जातो, असं त्यांचं म्हणणं. त्यावर वाद घालायला आमच्यापैकी कोणी कधी गेलं नाही.

मग मी सहा मुकादमांना फोन लावले. मुकादम म्हणजे टोळीचा म्होरक्या. कॉम्प्युटरवाली बाई विचारतेय, दादा, नारळ फोडला का?

पहिला म्हणाला, फुटला, प्रसाद पण वाटला. दुसऱ्याचाही फुटला होता. तिसरा म्हणाला, "पिशवीतून काढलाय, आता आपटतोच."

"आपटू नका," मी जवळजवळ ओरडलेच. "ठेवा परत पिशवीत."

"आता काढलेला नारळ परत ठिवायचा?"

"दादा, त्या वस्तीवर लहान पोरं आहेत. तिथे फोडा."

"पोरं तर आमचीबी हायेत फडात. बरं, सांगा कुठं जायचं ते. बसतो बांधावर."

बाकीच्या तिन्ही टोळ्या वाटेत होत्या. म्हणजे चार टोळ्या हातात आणि दोन गेल्या. त्या दोन्ही चुकीच्या फडांत होत्या.

आता रद्द करण्याचं काम. अपडेटने कुठल्या पंचवीस ओळी बदलल्या हे कमांड लिहून ठेवत नाही. नशिबाने मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम लिहून ठेवतो. त्यावरून एकोणीस नोंद नंबर काढले, दोन सोडले आणि सतरा परत जागच्या जागी नेले. मग सतरा जणांना फोन. मेसेजने कळवायची माझी हिंमत नव्हती.

"मॅडम, काल तुम्हीच सांगितलं, उद्या तोड," एक जण म्हणाला. "म्या पाणी तोडलं, पाव्हणं बोलावलं. आता म्हंता न्हाई. मग काल कोण बोललं?"

"मीच बोलले. चुकून बोलले."

"बरं. कबूल तरी करता," असं म्हणून त्याने फोन ठेवला. सगळे असे नव्हते. काहींनी माझ्या शिक्षणाबद्दल शंका घेतली. ती रास्त होती.

साडेअकरा वाजले. नवी यादी हवी होती. साहेब स्वतः माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"शिंदेंचा क्रम कशावरून, हे उद्या कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. लागण तारखेने लावा," ते म्हणाले. "ज्याची लागण आधी त्याचा ऊस आधी, हा कारखान्याचा नियमच आहे. कोणी भांडणार नाही."

लागण म्हणजे उसाची लावणी. पटण्यासारखं होतं. या वेळी मी सरळ अपडेट केलं नाही. आधी सिलेक्ट, म्हणजे नुसतं बघायचं, काही बदलायचं नाही. तारखेच्या क्रमाने लावायला ऑर्डर बाय म्हणून शब्द आहे. टॉप लावलेल्या अपडेटला तो आमच्या डेटाबेसमध्ये थेट जोडता येत नाही. आधी सिलेक्टने क्रम लावून पंचवीस निवडायचे आणि मग फक्त त्यांनाच अपडेट करायचं. मी सगळे एकशेबारा प्लॉट तारखेने लावून स्क्रीनवर आणले.

एक जुलै. एक जुलै. एक जुलै. मी खाली खाली जात राहिले. नव्वदच्या वर प्लॉटांची लागण एकाच दिवशी झालेली. एवढ्या ओळी एकसारख्या असल्या की त्यांतले पहिले पंचवीस कोण, हे पुन्हा मशीनच्या मर्जीवर. मी आगीतून निघून फुफाट्यात पडणार होते, फक्त या वेळी आधी बघितलं म्हणून वाचले.

"आप्पा," मी मागे वळून विचारलं, "तुम्ही लागण एक जुलैला केली?"

आप्पांनी साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"खरं सांगू व्हय?"

"सांगा की."

"म्या केली जूनच्या मधल्या आठवड्यात. पर कारखाना एक जुलैच्या आधीची नोंद घेत न्हाई. मग लिवलं एक जुलै. माझ्या शेजाऱ्यानं केली आखाडाच्या शेवटी. पर उशिराची तारीख सांगितली तर तोड उशिरा येती. त्यानंबी लिवलं एक जुलै. सगळं गाव तेच लिवतंय. तुमाला ठावं न्हाई?"

साहेबांनी चष्मा काढला. या वेळी ते माझ्याकडे बघत नव्हते.

"ठावं आहे," ते म्हणाले. "मला पण ठावं आहे आणि शिंदेंनाही."

म्हणजे ते मलाच तेवढं माहीत नव्हतं. मी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. वडील रेल्वेत, आमची शेती नाही. मी तारखेला तारीख समजत होते.

"मग मामांनी त्यांची यादी कशाने लावली होती?" मी विचारलं. ते कोणालाच माहीत नव्हतं. कागद तर ऑपरेटरने खुणा टाकून झाल्यावर कुठल्या तरी फायलीत लावला होता, तो सापडेना. मामांना फोन केला. "माझ्या डायरीत हाय समदं," ते म्हणाले आणि अर्ध्या तासात मोटारसायकलवर आले. कपडे उसाच्या पाचटाने भरलेले.

डायरीत प्रत्येक नावापुढे दोन आकडे होते. एक, घरात बारा वर्षांखालची पोरं किती. दुसरा, घराच्या दारापासून उसाच्या पहिल्या सरीपर्यंत पावलं किती. एकशेबारा जागी जाऊन मामांनी ते स्वतः चालून मोजलं होतं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. "यादी मागितली, तर ती कशावरनं करायची?" एवढंच ते म्हणाले.

मी तक्त्यात दोन नवे रकाने उघडले. मामा वाचत गेले, मी टाकत गेले. नोंद नंबर, पोरं, पावलं. तासभर लागला. मध्ये आप्पांनी दोनदा मामांना थांबवलं, कारण एका घरात पोर वाढलं होतं आणि एक कुटुंब शिरूरला राहायला गेलं होतं.

"आप्पा समोर आहेत, त्यांना एक नंबरला टाका," साहेब म्हणाले.

"लावून तर बघू साहेब," मी म्हणाले.

पोरं असलेली घरं आधी, त्यांत पावलं कमी ती वर, आणि पावलंही सारखी असली तर नोंद नंबरने. म्हणजे कुठलीही दोन घरं एका जागेवर येणार नाहीत. सिलेक्ट केलं. पंचवीस नावं मी मोठ्याने वाचली. मामा मान हलवत होते, आप्पा डोळे मिटून ऐकत होते. बहुतेक प्रत्येक नाव त्यांच्या ओळखीचं होतं. आप्पा स्वतः तिसऱ्या नंबरवर आले. दारापासून अकरा पावलं.

"पहिली कोण?" त्यांनी विचारलं.

"सुनीताबाई. सात पावलं."

"बराबर हाय. तिची पोरगी पाळण्यात हाय."

जी सहा आधीच बरोबर निघाली होती ती होतीच. नव्याने एकोणीस करायच्या होत्या, पण दोन टोळ्या चुकीच्या फडांत अडकलेल्या, म्हणून यादीतली शेवटची दोन नावं उद्यावर ढकलली. नोंद नंबर एकेक करून सतरा अपडेट केले. सतरा ओळी बदलल्या. मी पुन्हा सिलेक्ट करून तीच सतरा नावं आहेत का ते बघितलं. मगच मेसेज सोडले.

चौघा मुकादमांना मामांनी रस्ता सांगितला. तिसरा, नारळ परत पिशवीत ठेवलेला, आप्पांच्या फडाला गेला. आप्पा मामांच्या मोटारसायकलवर मागे बसले.

तीनच्या सुमाराला नारळ फुटला. त्या दिवशी घराच्या कडेच्या दहा-बारा सऱ्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी आत सरकली आणि मुकादमाच्या बायकोने कोयता थांबवून सगळ्यांना मागे घेतलं. पाचटात तीन बछडे होते. डोळे जेमतेम उघडलेले. मामांनी तिथून दारापर्यंत पावलं मोजली. चाळीस भरली.

मामांचा फोन आला तेव्हा मी टेबलाशी होते. आप्पांची नातवंडं त्या चाळीस पावलांच्या अलीकडे आठ दिवस घरात कोंडून होती, आणि मी त्यांचा प्लॉट यादीतून सोडून दिला होता. मी उठून हापशावर जाऊन तोंड धुतलं.

तोड थांबवली. वनखात्याची माणसं आली, बछडे तपासून एका क्रेटमध्ये ठेवले आणि क्रेट त्याच जागी ठेवून कॅमेरा लावला. बाकी सगळ्यांना लांब नेलं. दिवस मावळल्यावर मादी आली आणि एकेक करून तिन्ही घेऊन नदीकडच्या अंगाला गेली. तिकडे वस्ती नाही. उरलेला फड टोळीने मग दिवसभरात काढला. सोमवारी आप्पांची नातवंडं शाळेत गेली, हे मला त्यांच्या सुनेने फोन करून सांगितलं. तिला माझा नंबर कुठून मिळाला ते माहीत नाही.

मला साहेबांनी मेमो दिला. त्यात लिहिलं होतं, ‘कामात अचूकता ठेवावी’. मी अचूकच होते, पंचवीस म्हणजे पंचवीस. पण ते मी उत्तरात लिहिलं नाही. तेव्हापासून माझी सवय आहे: अपडेट किती ओळी बदलणार हे बघून भागत नाही, कुठल्या बदलणार त्यांची नावं वाचायची. वाचताना कंटाळा येईल इतकी असतील तर चहा घेऊन वाचायची.

पुढच्या हंगामाच्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये मी तो रकाना कायमचा टाकला: घराच्या दारापासून उसापर्यंत पावलं किती. साहेबांना कल्पना फार आवडली, मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. नोंदणी संपली आणि मी सिलेक्ट केलं.

दहा पावलं. दहा पावलं. दहा पावलं. अख्ख्या गटाचा ऊस दारापासून दहा पावलांवर होता. पहिल्या चिठ्ठीवरच्या नदीकाठच्या त्या गृहस्थांचाही, ज्यांचं घर तळेगाव ढमढेऱ्याला आहे.

मामा तोवर रिटायर होऊन न्हावऱ्याला घरी बसले होते. मी त्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते पोटभर हसले.

"मग आता?" त्यांनी विचारलं.

"साहेबांकडे जीप मागितलीय मामा. उद्या सकाळी मी स्वतः मोजायला निघतेय. येता का?"

"येतो की. पर पावलं म्या टाकनार. तुमी लिवा."